मुखरूभाऊ आणि न पडणारा गिअर

मुखरूभाऊ मिस्त्री गाडी तपासायला बसले की आधी चपला काढून बाहेर ठेवत. अनवाणी पाय पेडलवर, आणि मालकाला मागच्या सीटवर धाडत. "तुमी गप बसा जी. गाडीले बोलू द्या." मग आरमोरी रस्त्याने वैनगंगेच्या पुलापर्यंत एक फेरी. बॉनेट उघडायचं ते त्यानंतर. ब्रह्मपुरीतले बाकीचे मिस्त्री आधी पाना उचलत; हे आधी तळपायाने गाडी ऐकत.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "गाडी खोटं नाई बोलत. मालक बोलते." हे ऐकून सगळे मालक हसत. मीही हसायचो. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. उष्णता हा माझा खास विषय. स्टाफरूममध्ये दिवसाला चार वाक्यं बोलत असेन. असा माणूस खरं तेच बोलतो, असा लोकांचा समज असतो. खरं तर कमी बोलणाऱ्याला खोटं नीट निवडून बोलता येतं.

माझी गाडी जुनी, सेकंडहँड, पण ऑटोमॅटिक. त्या वेळी आमच्या भागात अशा गाड्या मोजक्याच होत्या, आणि त्यांचा गिअरबॉक्स बिघडला की नागपूर गाठावं लागे. मुखरूभाऊंनी ते काम हट्टाने शिकून घेतलं होतं. "धानाचे ट्रॅक्टर कोणीबी बनवते, सर. आटोमॅटिक बनवणारा या दोन जिल्ह्यात मीच पायजे." आयुष्याकडे त्यांचं एवढंच मागणं होतं.

आमच्याकडे मे महिना आला की लोक इंजिनातला थर्मोस्टॅट काढून टाकतात. पाण्याच्या वाटेवरची ही एक छोटी झडप. इंजिन तापेपर्यंत ती पाणी अडवून धरते. इथल्या उन्हात पाणी अडवायचंच कशाला, असा लोकांचा साधा विचार. मुखरूभाऊंनी मला आधीच बजावलं होतं, "आटोमॅटिकची झडप काढाची नसते, सर. इंजिन थंडं राह्यलं तं वरचा गेअर पडत नाई." मी मान डोलावली आणि पुढच्याच रविवारी फोनवर व्हिडिओ पाहून झडप काढली. उष्णतेवर पीएच.डी. केलेल्या माणसाने मिस्त्रीचं ऐकायचं म्हणजे काय!

डिसेंबरात ओव्हरड्राइव्ह गेला. म्हणजे मोकळ्या रस्त्यावर पडणारा सगळ्यात वरचा, चौथा गिअर. तो पडला की इंजिनाचा आवाज खाली बसतो. माझी गाडी तिसऱ्यातच पिठाच्या गिरणीसारखी ओरडत राहायची. झडपेची शंका मला आली नाही, असं लिहिता आलं असतं तर बरं होतं. आली होती.

मुखरूभाऊंनी फेरी मारली. गिअरच्या दांड्यावरचं ओव्हरड्राइव्हचं बटण तपासलं, वायरी पाहिल्या, गिअरबॉक्सचं तेल बोटावर घेऊन हुंगलं. "जळल्याचा वास नाई." मग इंजिनावर हात ठेवून म्हणाले, "थंडं वाटते." मीटरमधला तापमानाचा काटा तर केव्हाच मेला होता. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "सर, झडप हाय ना जागेवर?"

"आहे की," मी म्हणालो.

"दुसरा कोणी असता तं खोलून पाह्यलं असतं. पण तुमी मास्तर. तुमी बोलले म्हंजे हाय."

झडप उघडून पाहायला त्यांना दहा मिनिटं लागली असती. त्याऐवजी त्यांनी अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवला. अकरा दिवस. रोज सकाळी आज सांगून टाकू असं ठरवून मी जात असे, आणि तेलात कोपरापर्यंत माखलेले मुखरूभाऊ मान वर करून म्हणत, "आज सापडन, सर." मी 'बरं' म्हणून बसस्टँडकडे वळत असे. सापडण्यासारखं आत काहीच नव्हतं. त्यांनी सगळं पुसून पुन्हा बांधलं, पुलापर्यंत नेलं. गिअर पडला नाही. परत आल्यावर ते म्हणाले, "माझ्याच हाताची कसर असन."

स्टाफरूममध्ये कोणीतरी विचारलं, अकरा दिवस बसने का येताय? तेव्हा त्या दिवसाच्या माझ्या चार वाक्यांतलं एक मी खर्च केलं. "मुखरूला ऑटोमॅटिकमधलं काही कळत नाही." अबोल माणसाचं वाक्य, गावभर झालं. एका डॉक्टरांची तशीच गाडी मुखरूभाऊंकडे दुरुस्तीला यायची होती; ती नागपूरला गेली. त्यानंतर मुखरूभाऊंच्या अंगणात फक्त ट्रॅक्टर दिसू लागले.

मार्चअखेरीस भर दुपारी त्याच आरमोरी रस्त्यावर गिअर आपोआप पडला. उन्हामुळे इंजिनातलं पाणी एकदाचं पुरेसं तापलं होतं. आवाज खाली बसला आणि मी चोरासारखं आरशात मागे पाहिलं. घरी येऊन गुपचूप झडप परत बसवली. गाडी सुधारली. मी सुधारायला आणखी चार वर्षं लागली.

गेल्या हिवाळ्यात एकदाचा मुखरूभाऊंकडे गेलो. ते ट्रॅक्टरखाली होते. उभ्याउभ्या सगळं सांगितलं. मला शिव्या हव्या होत्या. खाल्ल्या की माणूस मोकळा होतो. ते सरपटत बाहेर आले आणि म्हणाले, "म्हंजे गेअरबॉक्स मी बरोबर बांधला होता?"

"अगदी बरोबर. अजून चालतोय."

"चार साल मी त्याच गेअरबॉक्समधी फिरून राह्यलो होतो, सर. झोपीतबी खोलत होतो." ते खाली पाहत पाना पुसत राहिले. "मले काऊन सांगता पण? मी तं कोणाले काई बोललो नोतो. जिथी बोलले, तिथी सांगा."

दुसऱ्या दिवशी मी स्टाफरूममध्ये उभा राहिलो. वीस वर्षांत पहिल्यांदा. सगळं सांगितलं. वाणिज्यचे सर म्हणाले, "कोण, ट्रॅक्टरवाला मुखरू? त्याला ऑटोमॅटिकमधलं काही कळत नाही, सर. सगळ्या गावाला माहीत आहे."

"गावाला मीच सांगितलं."

ते मोठ्याने हसले. "तुम्ही? तुम्ही कधी कोणाला काही सांगता? गरीब माणूस आहे म्हणून त्याची चूक स्वतःच्या अंगावर घेताय झालं." माझा मोठेपणा उलट वाढला. मराठीच्या मॅडमनी तर माझं कौतुक केलं.

मी मुखरूभाऊंकडे गेलो. "सांगितलं काय?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं. कोणी खरं मानलं नाही."

मुखरूभाऊ हसले, तंबाखू थुंकून पुन्हा हसले. "पहा सर, खोटं बोलले तं एका डावात मानलं. खरं हाय, टाइम लागन. उद्या अजून सांगा."

सांगून राह्यलो आहे.