हळदीच्या पानांची वाफ

सिंगापूरच्या लिटिल इंडियात हळदीच्या पानांची जुडी हातात घेतली, की मला यिशुनमधलं एक वाफाळलेलं स्वयंपाकघर आठवतं. गणपतीचे दिवस होते. आमच्या मराठी फोरमवर एका अकाउंटंट काकांनी उत्सवातल्या फ्रोझन मोदकांची सालटी काढली होती, आणि ते मागवणाऱ्या, पुण्याहून नुकत्याच आलेल्या मुलीच्या अकलेवरही एक घाणेरडा शब्द टाकला होता. तिनंही त्यांचं वय काढलं. फोरममध्ये मदत करणारी मी म्हणत होते, दोन्ही पोस्ट उडवू. फोरम चालवणाऱ्या मावशी म्हणाल्या, "उडवायचं काही नाही. दोघांना जेवायला बोलाव." हळदीच्या पानांवर मोदक उकडत ठेवून त्यांनी दोघांना समोरासमोर बसवलं. "जे लिहिलंत, तेच आता एकमेकांना वाचून दाखवा." बाहेर दुपार पेंगत होती, खिडकीच्या काचा वाफेनं पांढऱ्या झाल्या होत्या आणि त्या वासात सगळंच जरा लांबचं वाटत होतं. काका खणखणीत आवाजात वाचत गेले आणि त्या शब्दापाशी थांबले. चष्मा पुसला. पुन्हा तोंड उघडलं. "हे नाही वाचवत," ते पुटपुटले. मुलगी खाली बघत म्हणाली, "तेवढं सोडून पुढे वाचा, काका. मोदक खरंच रबरासारखे होते." आता तो फोरम मी चालवते. फारच तिखट पोस्ट आली, की लिहिणाऱ्याला फोन करून म्हणते, जरा मला वाचून दाखवा. पलीकडे आवाज थांबतो, आणि इथे मला हळदीच्या पानांचा वास येतो.