सरळ करून टाकू

"डॉक्टर, तुमचा पेशंट पळाला," सिस्टर म्हणाली.

ऑपरेशनची वेळ झाली होती. आमचे सर, बेळगावचे मोठे सर्जन, हात धुवून थिएटरात उभे होते आणि कॉटवर नुसती चादर. सरांना गळ घालून हा पेशंट मीच बेळगावला आणला होता.

"मी मधे दुसरी केस घेतो," सर आतून म्हणाले. "ती संपेपर्यंत तुमचे पाहुणे आले नाहीत, तर पुन्हा सुप्याहून कोणाला आणू नका."

साठ सालानंतरची गोष्ट. मी बेळगावपलीकडच्या जंगलपट्टीत, सुप्याच्या दवाखान्यात डॉक्टर होतो. मळू जवळच्या गुंद गावचा, पंचविशीचा, जंगलात बांबूतोडीला जाणारा. कंबर दुखते म्हणून खेपा घालायचा. कंबर ठणठणीत होती. शेवटी एकदा दार लावून घेतलं, तेव्हा बोलला. त्याच्या लिंगाला जन्मापासून वाक होता. एरवी काही कळायचं नाही, पण ताठ झालं की कोयत्यासारखं खाली वळायचं. लग्न झालं होतं, पण संसार असा सुरूच झाला नव्हता. बायको सातेरी नंदिगड्ड्याला माहेरी जाऊन बसली होती. तिने कोणापाशी तोंड उघडलं नव्हतं. सासऱ्याने मात्र बजावलं होतं, शिमग्यापर्यंत पोरगी नांदायला गेली नाही तर काडीमोड.

"तिला दुसरा दाल्ला बघत्यात म्हणं, सायब," एवढं बोलून मळू रडला होता. मलाही फार वाईट वाटलं होतं.

आणि आता हाच गडी पळाला होता! मी तणतणत स्टँडवर गेलो. खानापूरच्या बसपाशी पिशवी छातीशी धरून बसला होता.

"कुठं निघालास?"

"गावाला."

"आणि सातेरी?"

त्याने मान खाली घातली. "जाऊ दे तिला. पर मला भाजून घ्यायचं न्हाई."

"भाजून? कोण भाजतंय तुला?"

"मोठं डाक्टर काल म्हणालं न्हवं, सरळ करून टाकू म्हणून? अन् आत शेगडी पेटलीया. म्या बघितलं हाय."

शेगडीवर हत्यारं उकळत होती. पण मळूचा तरी काय दोष? त्यांच्याकडे वाकडा बांबू निखाऱ्यावर शेकतात आणि नरम पडला की गुडघ्यावर दाबून सरळ करतात. मळूचा त्यात हातखंडा होता. सरळ करायची दुसरी तऱ्हा त्याने पाहिलीच नव्हती.

मला हसू येत होतं आणि रागही. तिकडे सरांची केस संपत आली असणार. मी त्याच्या शेजारी बसलो.

लिंगात रक्त भरणाऱ्या दोन नळ्या असतात आणि त्यांवर चिवट आवरण असतं. ते एका बाजूला आखूड राहिलं, की त्या बाजूला वाक येतो. आखूड बाजू ओढून लांब होत नाही. म्हणून लांब बाजूचा इवलासा तुकडा कापून तिथे टाके घालायचे. हे मळूला कसं सांगणार? मी त्याच्या सदऱ्याला एका बाजूने चिमटा घेतला.

"हे इथं आवळायचं. दोन्ही बाजू सारख्या होतात."

"शिंप्याचं काम हाय म्हणा की."

"व्हय. आणि भूल देऊन."

"इस्तू न्हाई?"

"इस्तू न्हाई," मी म्हणालो. तो उठला. कंडक्टर आमच्याकडे बघतच राहिला.

"आले का पाहुणे?" सर म्हणाले आणि कामाला लागले.

या ऑपरेशनची खरी पंचाईत पुढे असते. पेशंट भुलीत, अवयव शिथिल. वाक गेला की नाही, हे तेव्हा आम्हाला टेबलावर कळायचं नाही. किती कापायचं, सगळा अंदाज. हातमोजे काढत सर म्हणाले, "आपलं झालं. रिझल्ट आता तोच सांगेल."

दीड महिना बायकोपासून लांब राहा आणि मग दाखवायला ये, असं बजावून मळूला घरी सोडलं. तो आलाच नाही. मी निरोप धाडला. उत्तर नाही. शिमगा जवळ आला आणि माझी चिडचिड वाढली. गुंदला जाऊन विचारणार काय, आणि कोणाला? चारचौघांत नाव काढलं तरी गावभर झालं असतं. दवाखान्याच्या दारात पाऊल वाजलं की मी मान वर करायचो.

शिमगा झाला. एका सकाळी एक म्हातारा काठी घेऊन दारात उभा राहिला.

"मी मळूचा सासरा. नंदिगड्ड्याचा."

संपलं, मला वाटलं. आता हा जावयाच्या दोषाचा दाखला मागणार. मी कसंबसं विचारलं, "मळू कसा आहे?"

"त्यो कुठं हालतोय घरातनं! सातेरी शिमग्याच्या आदीच नांदायला गेली." म्हाताऱ्याने काठी पुढे केली. "ही तुमास्नी दिलीया त्यानं. सोता शेकून केलीया. म्हणाला, डाक्टरला निस्ती दाव, त्यास्नी कळतंय. काय कळतंय वो?"

मी काठी डोळ्यासमोर आडवी धरली. कुठेही वाक नव्हता. माझे डोळे भरून आले.

"सरळ आहे," मी म्हणालो.

"असणारच! जावई कुणाचा?" म्हातारा म्हणाला.

तेव्हापासून मी पेशंटला नुसतं 'नीट करून टाकू' म्हणत नाही. कुठे कापणार आणि कुठे शिवणार, ते सांगतो. आणि शेगडीच्या खोलीचं दार आधी लावून घेतो.