कारंज्याजवळचं घर

उघड्या बागेत चालता चालता मध्येच थांबून, पदर सावरून, कुणी वाकलेलं तुम्ही पाहिलंय? आमच्या अक्का तशा वाकायच्या. डोक्यावर नुसतं आभाळ. मग मागे वळून आपल्याला म्हणायच्या, "बग्गि बर्री. वाकून या हो, चौकट बुटकी आहे."

हुबळी आणि धारवाड यांच्या मधलं आमचं लहानसं गाव. मी तिथल्या मराठी शाळेत मास्तर होतो. अक्का दारोदार पापड विकायच्या. गिऱ्हाइकाच्याच निखाऱ्यावर एक पापड भाजून दाखवायच्या आणि तो स्वतःच खाऊन टाकायच्या. "हं, बरा झालाय," म्हणायच्या. "सुनेच्या हातचा आहे. मी नुसती विकायची धनी."

महायुद्धाच्या आधीच्या एका पावसाळ्यात तळ्याचा बांध फुटला आणि त्याखालची सगळी गल्ली वाहून गेली. अक्का त्या दिवशी अळणावरला बहिणीकडे होत्या. परतल्या तेव्हा घर नव्हतं, आणि घरात राहिलेले मुलगा-सूनही नव्हते. दोघं शेवटपर्यंत सापडली नाहीत.

मदतनिधी जमला. माझ्या शाळेतल्या पोरांनी घरून मूठमूठ तांदूळ आणले, ते विकून आम्ही पैसे भरले. हुबळीच्या व्यापाऱ्यांनी दिले, सरकारनंही दिले. त्याच जागी पक्की घरं बांधून देऊ, असं म्युनिसिपालिटीनं दवंडी पिटून सांगितलं. तोवर उरलेली माणसं स्टेशनाजवळ पत्र्याखाली राहिली. आणखी एक पावसाळा गेला, आणि गल्लीच्या जागी बाग झाली. मधोमध कारंजं.

गाव चिडलं. न्हाव्याकडे, किराणा दुकानात दुसरा विषय नव्हता. आम्ही काहीजण तावातावानं म्युनिसिपालिटीच्या अध्यक्षांकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, "मास्तर, परत पाणी आलं तर घरं वाहतील. बाग कुठं वाहते?" त्यांचाच चहा पिऊन आम्ही परत आलो.

अक्का कुणाकडे गेल्या नाहीत. त्या बागेत जाऊ लागल्या. गवतावरून सरळ म्हणून चालायच्या नाहीत. भिंत होती तिथं वळसा, उंबरा होता तिथं पाय उचलून. एकदा मी बरोबर होतो. मला म्हणाल्या, "हळू बोला की मास्तर, सून आत निजलीय." हसू यायला हवं होतं, आलं नाही. तिथंच एक कुत्रं मुटकुळं करून पडलं होतं. "चुलीपाशी ऊब असते त्याला," अक्का म्हणाल्या. कुत्रं उठून गेल्यावर मी शेजारच्या जमिनीला हात लावून पाहिला. कोमट होती. ऊन असेल, म्हटलं. पण आभाळ सकाळपासून भरलेलं होतं.

उद्घाटनाला गोरा साहेब आला. बँड वाजत होता. साहेब कारंज्याकडे निघाला, तर वाटेत अक्का उभ्या. "बग्गि बर्री, साहेब."

साहेबाला कळलं की नाही, देव जाणे. त्यानं टोपी काढली आणि तो वाकून पुढे गेला. मागून अध्यक्ष आले, ताठ मानेनं. दोन पावलं टाकली आणि एकदम थांबले. हात कपाळाला गेला. डोक्याला बांधलेला रुमाल मागे सरकून तिरका झाला होता. वारा अजिबात नव्हता.

बँड आपोआप थांबला. मग गर्दीतला एकेक माणूस पुढे होऊ लागला. त्या जागी आला की वाकायचा. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. मीही वाकलो.

अध्यक्ष पुन्हा बागेत दिसले नाहीत. लोकांनी सभा घेतल्या, धारवाडला जाऊन मोठ्या साहेबांपुढे गाऱ्हाणं घातलं. घरं मात्र झाली नाहीत ती नाहीतच.

पुढच्या पावसाळ्यात पत्र्याखाली अक्कांना ताप भरला. पत्रा गळत होता. औषध लागू पडेना. "मला घरी न्या," एवढंच म्हणायच्या. कुठलं घर, हे विचारायची गरज नव्हती. पावसानं उघडीप दिली तशी एका दुपारी आम्ही चौघांनी त्यांना टांग्यातून बागेत नेलं आणि त्या जागी घोंगडीवर निजवलं. सोसाट्याचा वारा सुटला होता. कारंज्याचे तुषार पार झाडांपर्यंत उडत होते.

अक्कांनी डोळे उघडले. माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाल्या, "अगं, मास्तरांना पाणी दे की." मग जरा वेळानं, "मास्तर, दार लोटा. गार वारा येतोय."

मी बाकीच्यांकडे पाहिलं. सगळ्यांच्या माना खाली. मी उठलो, हात पुढे केला आणि लोटलं.

तुषार उडतच होते, झाडं वाकतच होती. अक्कांच्या कपाळावरची बट मात्र हलायची थांबली. त्यांनी डोळे मिटून घेतले.

त्या गेल्या हे कळल्यावरही आम्ही बराच वेळ बसून राहिलो. दार उघडून आधी बाहेर कुणी पडायचं, ते ठरत नव्हतं.