दोन ते तीनचा पहारा

आमच्या भालचंद्रकाकांना फौजेनं घेतलं नाही, त्याचा त्रास फौजेला काही झाला नाही. तो आम्हाला झाला.

एकाहत्तर साली नगरला ते भरतीच्या रांगेत उभे राहिले आणि छाती अर्धा इंच कमी भरली. फुगवा म्हटल्यावर फुगवली, तरी भरली नाही. त्या अर्ध्या इंचाचा सूड त्यांनी पुढची पन्नास वर्षं भोपाळमधल्या चौदा मराठी ख्रिस्ती कुटुंबांवर उगवला. मी अपर्णा उजागरे, त्यांची सख्खी पुतणी, त्यामुळे माझ्या वाट्याला जरा जास्तच आलं.

नोकरी त्यांनी सोनागिरीला लागून असलेल्या मोठ्या सरकारी कारखान्यात केली, तीही टाइम ऑफिसात. कोण किती वाजता आत आला, कोणाची पाळी संपली, कोणाच्या जागी कोण आला, हे चौतीस वर्षं लिहिलं. इतकी वर्षं हेच केल्यावर माणसाला वाटायला लागतं की देवाचं राज्यही तीन पाळ्यांत चालत असणार.

हिंदी मंडळीची उपासना आटोपली की त्याच चर्चच्या मागच्या हॉलमध्ये आमची मराठी उपासना भरते, महिन्यातून दोन रविवार. तिथे काका मुलांची रविवारची शाळा घ्यायचे. शाळा कसली, परेडच ती. आधी सावधान, मग विश्राम, मग प्रार्थना. विश्वास म्हणजे ढाल, वचन म्हणजे तलवार, हे शास्त्रातलंच, त्याला आमची हरकत नव्हती. पण काका तिथे थांबायचे नाहीत. प्रार्थना म्हणजे वायरलेस सेट, खोटं बोलणं म्हणजे तटाला भोक, आणि परीक्षेत कॉपी करणं म्हणजे शत्रूला किल्ल्याची चावी देणं. सैतान कुठून येतो, असं ते विचारायचे आणि आम्ही एका सुरात ओरडायचो की जिथला पहारेकरी झोपला तिथून. मी पन्नाशीला आले तरी दहा मिनिटं उशिरा पोहोचले की ते घड्याळ दाखवून म्हणायचे, ख्रिस्ताचा शिपाई उशिरा येत नाही. ख्रिस्ताच्या शिपायाची स्कूटी पंक्चर होते, असं मी एकदा सुनावलं होतं. त्यावर विजयाकाकू तोंडाला पदर लावून हसल्या होत्या.

मंडळीत खरा शिपाई एकच, करोंदला राहणारे निवृत्त हवालदार प्रसाद थोरात. ते या लढाईच्या गोष्टींमध्ये कधी पडायचे नाहीत. काका जोशात आले की थोरात बुटाच्या नाड्या तपासत बसायचे.

आता पहाऱ्याचं सांगते, कारण सगळं तिथेच अडलं. कोणी फार आजारी असलं की आमच्यात साखळी प्रार्थना करतात. दिवसाचे तास वाटून घ्यायचे आणि आपापल्या तासाला, जिथे असू तिथे, त्या माणसासाठी प्रार्थना करायची. साखळी तुटू द्यायची नाही, एवढाच नियम. काकांनी तिचं नाव पहारा ठेवलं. पट्टीनं रेघा मारून ते तक्ता करायचे, पूर्वी कार्बन घालून, अलीकडे फोटो काढून. तास संपला की पुढच्याला फोन करून 'पहारा दिला' म्हणायचं, त्यानं 'पहारा घेतला' म्हणायचं. आम्ही मागे नकला करायचो. पण खरं सांगायचं तर माझे वडील शेवटच्या दुखण्यात होते, तेव्हा ऑफिसात भर गर्दीत माझा तास संपला, मी फोन लावला आणि जिच्याशी धड चार शब्द बोलले नव्हते अशी एक बाई पलीकडून शांतपणे म्हणाली, 'पहारा घेतला.' मी बाथरूममध्ये जाऊन रडले. नंतर मी नकला बंद केल्या.

गेल्या डिसेंबरात काकूंच्या हृदयाची झडप बदलायची ठरली. ऑपरेशनच्या आधी तीन रात्री काका त्यांच्या खाटेशेजारी स्टुलावर बसून होते. मी किती वेळा म्हटलं की घरी जा, मी आहे. ऐकतील तर शपथ. मुलगा हर्षल पुण्याहून संध्याकाळपर्यंत पोहोचणार होता. ऑपरेशन दुपारी दोनला सुरू व्हायचं होतं, म्हणून दोन ते तीनचा पहारा काकांनी स्वतःकडे घेतला. एक ते दोन थोरात, तीन ते चार मी.

दोनला थोरातांचा फोन आला. ऑपरेशन थिएटरकडे जाणाऱ्या बोळात, बाकावर, काकांनी ताठ बसून 'पहारा घेतला' म्हटलं, तक्ता मांडीवर ठेवला, डोळे मिटले, आणि पाच मिनिटांत त्यांची मान छातीवर पडली. घोरत होते. दोन वाजून दहा मिनिटांनी काकूंचं स्ट्रेचर त्याच बोळातून निघालं. मी काकांच्या खांद्याला हात लावणार, तेवढ्यात काकूंनी माझं मनगट धरलं.

"उठवू नकोस गं," त्या म्हणाल्या. "तीन रात्री डोळ्याला डोळा नाही त्यांच्या. हा तास मी घेते."

आणि हसल्या. स्ट्रेचर पुढे गेलं. मी दारापर्यंत सोबत चालले. काकू डोळे मिटून हलक्या आवाजात काही म्हणत होत्या आणि ते मला ऐकू येत होतं.

काका तीन वाजून पाच मिनिटांनी दचकून उठले. घड्याळ बघितलं, मला बघितलं. मी झोपलो होतो का, असं विचारलं. मी हो म्हटलं. तेवढंच म्हटलं, पुढचं राहिलं. पावणेपाचला डॉक्टर बाहेर आले. त्यांनी आम्हाला बसवून, पाणी देऊन, सगळं समजावलं. झडप बसवण्याआधीच हृदयानं साथ सोडली, या वयात असं होऊ शकतं, आम्ही सगळे उपाय केले. काकांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांनी एकच विचारलं, नेमकं किती वाजता बिघडलं. डॉक्टर म्हणाले, पावणेतीनच्या सुमारास.

त्या दिवसापासून आमच्या काकांनी स्वतःवर खटला चालवला आणि शिक्षाही स्वतःच दिली. उपासनेला यायचे, पण दाराशी चपलांजवळच्या खुर्चीवर बसायचे. प्रभुभोजनाच्या वेळी भाकर आणि द्राक्षरस घ्यायला सगळे पुढे जात, हे जागचे हलत नसत. मुलांची शाळा सोडली. जानेवारीत कोणाच्या तरी आजारपणात तक्ता करायची वेळ आली, तेव्हा म्हणाले की पहाऱ्यावर झोपलेल्या माणसाकडे हे काम देत नसतात. चर्चच्या पाळकसाहेबांनी घरी जाऊन परोपरीनं समजावलं की देव टाइम ऑफिसात बसलेला नाही. काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि त्यांना चहा दिला. वाद घातला असता तर बरं वाटलं असतं.

आणि रोज दुपारी दोन ते तीन ते अंगणात, फाटकाजवळ, उभे राहू लागले. हात मागे, डोक्याला टोपी नाही, टेकायला काही नाही. जानेवारीत शेजाऱ्यांना वाटलं की म्हातारा ऊन खातोय. मार्चमध्ये त्यांना नवल वाटायला लागलं. एप्रिलच्या शेवटी समोरच्या घरातल्या तिवारीबाईंचा मला फोन आला.

"दीदी, अंकलजी आज गिरते-गिरते बचे. हमने कुर्सी दी तो बैठे नहीं. आप ही कुछ कीजिए."

बाहत्तर वर्षांचा माणूस, रक्तदाबाच्या गोळ्या चालू, आणि भोपाळचं एप्रिलातलं ऊन. हर्षल पुण्याहून दिवसाआड फोन करायचा आणि एकच म्हणायचा, ताई, बाबा अशानं जातील. ते मलाही दिसत होतं. मी त्यांच्यावर ओरडले, रुसले, छत्री नेऊन दिली. छत्री त्यांनी घडी करून खुंटीला लावली.

मग थोरात गेले. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा फौजेची गोष्ट काढली. तरुणपणी तेही एकदा पहाऱ्यावर झोपले होते, पकडले गेले, आणि सात दिवस पाठीवर पूर्ण ओझं घेऊन मैदानाला फेऱ्या मारायची शिक्षा झाली. आठव्या दिवशी सगळ्यांच्या रांगेत ताट घेऊन उभे राहिले आणि कोणी काही बोललं नाही, शिक्षा संपली होती. हे सांगायला ते करोंदहून दोन बस बदलून गेले होते. काकांनी त्यांना उत्तर दिलं, "तुला सात दिवस सांगितले होते, प्रसाद. मला किती, ते कोणी सांगितलंच नाही." थोरातांनी हे मला माझ्या ऑफिसच्या फाटकाशी सांगितलं आणि नाक शिंकरत निघून गेले.

आता तुम्ही विचाराल की काकूंचे शब्द तुझ्याकडे होते, मग बाई, तू बोलत का नव्हतीस? मी स्वतःला सांगत होते की दुःख ताजं आहे, आत्ता सांगितलं तर आणखी खचतील. हे थोतांड होतं. खरं कारण असं की त्या बोळात मी जागी होते. जागी असून मी पहारेकऱ्याला उठवलं नाही. लहानपणापासून त्यांच्याकडून जे शिकले, त्या हिशेबानं झोपणाऱ्यापेक्षा माझा गुन्हा मोठा होता. ते स्वतःला आरोपी मानत होते तोवर माझ्याकडे कोणी बोट दाखवणार नव्हतं. इतकी मी भित्री.

पण बसवत मलाही नव्हतं. ऑफिसात दोन वाजले की मी फाइल मिटून व्हरांड्यात फेऱ्या मारायचे. शिवाजी नगरच्या माझ्या क्वार्टरमध्ये घासलेली भांडी परत घासायचे. काकूंचा राग यायचा, तो तर फार यायचा. त्या हसून आत गेल्या आणि जाताना ते शब्द माझ्या पदरात टाकून गेल्या. वाटायचं, काकू, सांगायचं होतं तर तुम्हीच नवऱ्याला उठवून सांगायचं होतं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि स्कूटी काकांच्या घराकडे, सोनागिरीला काढली. तोंडाला ओढणी बांधलेली, हँडल तव्यासारखं तापलेलं. पोहोचले तेव्हा दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. काका फाटकाजवळ उभे होते. ओठ सुकून पांढरे झाले होते, शर्ट पाठीला चिकटला होता. मी स्कूटी लावली आणि त्यांच्या शेजारी, त्याच उन्हात, उभी राहिले. सावलीत जा, असं ते म्हणाले. मी गेले नाही. समोर रस्त्याकडे बघत मी सगळं सांगून टाकलं. काकूंनी मनगट कसं धरलं, काय म्हणाल्या, मी काय केलं आणि काय केलं नाही.

काकांनी मान वळवली नाही. "म्हणजे तू जागी होतीस," ते म्हणाले.

मी हो म्हटलं.

"आणि पाच महिने गप्प बसलीस."

मी म्हटलं की तुमची भीती वाटली. त्यांच्या मानेची शीर ताठ झाली होती. मला वाटलं, आता हे मला घराबाहेर काढतील, आणि काढलं असतं तर मी मुकाट्यानं गेले असते. पण त्यांनी विचारलं की तिनं तास घेतला म्हणतेस, पण भूल द्यायला नेत असलेल्या बाईनं काय प्रार्थना केली असेल? तिला तेवढं सुचलं तरी असेल का? ते मला पकडायला विचारत नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

सेहेचाळीस वर्षांच्या संसारात काकूंनी नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. अहो, नाहीतर हर्षलचे बाबा. रेशनच्या ऑफिसात नाव विचारलं तर त्या मला कोपरानं ढोसायच्या आणि मी सांगायचे. मंडळीतल्या बायका त्यांना हसायच्या, देवाच्या घरी तरी घ्या म्हणायच्या. काकू मान हलवायच्या.

"त्यांनी तुमचं नाव घेतलं," मी म्हटलं. "देवा, भालचंद्राला सांभाळ. देवा, भालचंद्राला सांभाळ. दारापर्यंत एवढंच म्हणत होत्या. स्वतःसाठी काही मागितलं नाही, काका. मी शेजारी चालत होते, मला सगळं ऐकू येत होतं."

काकांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "नाव घेतलं?"

"हो."

"भालचंद्र म्हणाली?"

"भालचंद्र म्हणाल्या."

त्यांनी मागचे हात सोडले आणि फाटकाची सळई धरली. सळई पोळत असणार, पण त्यांना ते कळलंच नाही. परत सांग, ते म्हणाले, ती म्हणाली तसंच सांग. मी परत सांगितलं. त्यांनी आणखी एकदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा सांगताना माझाच आवाज फुटला आणि मी तिथेच, उन्हात, ओढणीत तोंड घालून हमसून रडायला लागले. उन्हानं आणि रडण्यानं मला घेरी येतेय, हे त्यांनी ओळखलं असावं.

"बस इथे पायरीवर," काका म्हणाले. "पाणी आणतो."

आणि ते फाटक सोडून आत गेले. तेव्हा दोन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.