लिहून दिलेली भाजी

साडेबारा वाजून गेले होते. कॅन्टीनमध्ये जनरल शिफ्टची सहाशे माणसं जेवायला बसली होती आणि त्यांतली निम्मी तरी माझ्याकडे बघत होती. कारण ताटातली पालकाची भाजी मी केली होती. हाताने नव्हे, कागदावर.

मशीन शॉपचे वानखेडे ताट घेऊन सरळ माझ्या टेबलाशी आले. अमरावतीचा माणूस. भोपाळला येऊन वीस वर्षं झाली तरी बोलणं तसंच. ताट त्यांनी जरासं तिरकं केलं. भाजी या काठाकडून त्या काठाकडे गेली.

"काय हो ताई, भोपाळले तलाव कमी होते का?"

सगळं टेबल हसलं. मग त्यातल्या एकाने घास घेतला, ठसका लागून तो पाण्याच्या टाकीकडे पळाला. तेव्हा तर बाकीची टेबलंही हसली.

ही गोष्ट नव्वदीच्या दशकातली. मी एका सरकारी कारखान्याच्या कॅन्टीनची सुपरवायझर होते. नागपूरला होम सायन्स शिकले, लग्न होऊन भोपाळला आले, टाउनशिपमध्ये क्वार्टर मिळालं आणि पुढे ही नोकरीही. कॅन्टीनची अवस्था तेव्हा वाईट होती. बरेच लोक घरून डबे आणत आणि आमच्याकडे फक्त चहाला येत. जे जेवत ते निम्मं ताटात टाकत. पर्सोनेलचे श्रीवास्तव साहेब मला बोलावून म्हणाले होते, "होली तक देखते हैं। नहीं सुधरा तो ठेकेदार को दे देंगे।"

"और हमारे कुक?"

"जहाँ जगह होगी, लगा देंगे। स्टोअर, डिस्पॅच, कहीं भी।"

मला ऑफिसात एखादं टेबल मिळालं असतं. प्रश्न होता आमच्या हेड कुकचा, बाबूलालजींचा. आयुष्यभर चुलीशी उभा राहिलेला माणूस. रिटायरमेंटला तीन वर्षं उरली होती. ती त्यांनी डिस्पॅचमध्ये खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत काढायची, ही कल्पनाच मला सोसवेना.

म्हणून मी जोरात कामाला लागले. कॅन्टीनमध्ये घरचं जेवण द्यायचं ठरवलं. घरी आम्ही चौघं. आमची पालकाची पातळ भाजी, चण्याची डाळ आणि दाणे घालून केलेली, शेजारपाजारी नावाजलेली. मी चौघांचं माप दीडशेने गुणलं. पाणी गुणलं, मिरच्या गुणल्या. सुवाच्य अक्षरात कृती लिहिली, खाली सही ठोकली आणि बाबूलालजींच्या हातात दिली.

गुणाकार बरोबर होता, स्वयंपाक चुकला. घरच्या लहान पातेल्यातलं पाणी भराभर आटतं. मोठ्या भगोन्यात, म्हणजे आमच्या त्या कमरेइतक्या उंच पातेल्यात, ते जागचं हलत नाही. वर पालक स्वतःचं पाणी सोडतो ते वेगळंच. मिरचीचंही तसंच. दोनाच्या तीनशे केल्या की ती तिखट राहत नाही, जहाल होते.

जेवणं आटोपल्यावर मी तणतणत स्वयंपाकघरात गेले. बाबूलालजी भगोनं धुवून घेत होते.

"आपको पता था न, बिगड़ेगी?"

"पता था, मैडम।"

"तो बोले क्यों नहीं?"

"आपने लिख के दिया था," ते शांतपणे म्हणाले. "साइन भी था।"

मला असा राग आला! पण मग त्यांनी हात पुसले आणि सांगितलं. माझ्या आधीच्या साहेबांच्या वेळी त्यांनी एकदा डाळीत घरून आणलेला ओवा घातला होता. लोकांनी डाळ वाटी चाटून संपवली. साहेबांनी मेमो दिला, कारण मंजूर कृतीत ओवा नव्हता. मेमो म्हणजे लेखी ताकीद. ती कायमची फायलीत बसते. "उस दिन के बाद अपन ने सोचना बंद कर दिया," ते म्हणाले. "जो लिखा है, सो पकाते हैं।"

मी तरी दुसरं काय केलं होतं? आधीच्या साहेबांचा कागद कंटाळवाणा होता, माझा सुवाच्य होता, इतकाच फरक.

परत फिरणार तेवढ्यात लसणाच्या फोडणीचा वास आला. कोठाराच्या मागे आमचे बाकीचे स्वयंपाकी जमिनीवर गोल करून बसले होते. मध्ये एक लहान पातेलं, जाड टिक्कड म्हणजे हातावर थापलेल्या खरपूस पोळ्या, आणि मिठात ठेचलेली मिरची. कॅन्टीनचं जेवण कॅन्टीनचे स्वयंपाकीच खात नव्हते. इतके दिवस मी तिथे वावरत होते आणि हे मला माहीतही नव्हतं. लाज वाटली.

"बैठिए मैडम," मागून आलेले बाबूलालजी जरा संकोचून म्हणाले. "बथुए की दाल है।"

बथुआ म्हणजे आपला चाकवत. थंडीत गव्हाच्या शेतात न पेरता उगवतो, त्यामुळे स्वस्त. आई ताकातला करायची. हा चण्याच्या डाळीतला होता, घट्ट, वर लसूण आणि सुक्या मिरचीचा तडका. मी पहिला घास घेतला आणि दुसरा टिक्कड मागून घेतला. भोपाळला आल्यापासून बाहेर इतकं पोटभर कधी जेवले नव्हते.

"हे उद्यापासून सगळ्यांना द्यायचं," मी म्हणाले. मराठीतच बोलून गेले. मग हिंदीत सांगितलं.

बाबूलालजींनी पातेल्यावर झाकण ठेवलं. मग म्हणाले, "पका दूँगा। पर आप लिख के मत दीजिए।"

मी पर्समधून पालकाच्या कृतीची माझी प्रत काढली आणि त्यांच्यासमोर चुलीत टाकली. ते जरासे हसले. त्यांना हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

पण अडचण पुढेच होती. आमच्याकडे भाजीसाठी आठवडाभर आधी इंडेंट द्यावा लागे. इंडेंट म्हणजे स्टोअरकडे द्यायचा मागणीचा कागद. कुठल्या दिवशी कुठली भाजी, सगळं आधी लिहायचं. म्हणून आम्ही बटाटे, कोबी आणि लाल भोपळा यांच्यातच फिरत असू. माझा पालकही दोन दिवसांचा, माना टाकलेला आला होता. आणि अवधपुरीच्या बाजूला सकाळी सहाला आसपासच्या गावांतून हिरवीगार भाजी उतरत होती, आमच्या गेटपासून हाकेच्या अंतरावर!

मी इंडेंटवर लिहिलं, 'हंगामी हिरवी भाजी', आणि तो श्रीवास्तव साहेबांपुढे ठेवला.

"ये कौन-सी भाजी हुई?"

"जो उस दिन सुबह अच्छी मिले, सर।"

"स्टोअर वाले पूछेंगे।"

"तो उन्हें खाने पर बुला लीजिए। आप भी आइए। ऑफिस में प्लेट नहीं भेजूँगी, लाइन में लगिएगा।"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता मलाच मेमो मिळतोय. पण सही केली.

ठरलेल्या दिवशी पहाटे मी आणि बाबूलालजी बाजारात गेलो. मला दिसली ती बथुआची पहिलीच रास हिरवीगार. मी म्हटलं, हीच घेऊ. त्यांनी एक काडी मोडली, ती वाकली पण तुटली नाही. "बूढ़ा है," म्हणाले आणि पुढे गेले. चौथ्या माणसाकडची काडी कट्कन मोडली. तिथल्या सगळ्या जुड्या आम्ही उचलल्या.

स्वयंपाकघरात त्यांनी मोठं भगोनं बाजूला सारलं. पाच मध्यम पातेली घेतली आणि ती एकाच वेळी नाही, तर थोड्या थोड्या अंतराने चढवली, म्हणजे शेवटच्या माणसालाही ताजी डाळ मिळावी. कुठलंही माप विचारलं नाही. पाणी घालताना नुसते पातेल्यात बघत होते. पावणेबारा झाले, बारा झाले, तडक्याचा पत्ता नाही. माझा जीव खालीवर.

"बाबूलालजी, तडका?"

"भोंपू तो बजने दीजिए।"

भोंगा वाजला, शॉपची दारं उघडली आणि त्यांनी कढईत लसूण सोडला. वास अंगण ओलांडून शॉपच्या दारापर्यंत पोचला असावा. रोज रमतगमत येणारी माणसं त्या दिवशी झपाझप चालत आली. रांगेत वानखेडे होते. त्यांच्यामागे ताट धरून साक्षात श्रीवास्तव साहेब.

वानखेड्यांनी डाळ बोटाने चाखली, मग ताट चाटूनपुसून जेवले. उठून परत रांगेत लागले. जाता जाता मला म्हणाले, "ताई, हा तलाव आटला बरं का. उद्या डबा नाही आणत."

मला रडूच फुटलं. कांद्यावर ढकललं, पण डाळीत कांदा नव्हता.

होळीपर्यंत घरून डबा आणणारे कमी झाले आणि ठेकेदाराचं नाव पुन्हा निघालं नाही. बाबूलालजी चुलीशीच राहिले. फक्त साहेबांनी एक अट घातली, "रेसिपी रजिस्टर में चढ़ा दीजिए। सिस्टम में होना चाहिए।"

मी वचन दिलं होतं, लिहिणार नाही. पण आता साहेबांचा हुकूम होता. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'बथुआ दाल. विधि: बाबूलाल जी से पूछें.' खाली माझी सही. साहेबांनी न वाचता आपलीही केली.

तीन वर्षांनी बाबूलालजी रिटायर झाले आणि भोपाळमधल्याच बाग सेवनियाला राहायला गेले. त्यांच्या जागी बदलून आलेला कुक फार नियमाचा होता. थंडीत पहिला बथुआ आला, त्याने रजिस्टर उघडलं, पान वाचलं, दोन सह्या पाहिल्या आणि ड्यूटी संपल्यावर सायकल काढून बाग सेवनियाला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीच्या राशीपाशी तो काड्या मोडून बघत होता.

मी विचारलं, "तुम्हें उनके घर किसने भेजा?"

"लिखा था न, मैडम," तो म्हणाला. "साइन भी था।"

सरकारी कारखान्यात लिहिलेलं पाळलं जातं. त्यामुळे तिथे कृती लिहू नये, माणसाचं नाव लिहावं.