उंदरांचं वय, फाइलचं वय

तरुण संशोधकांच्या सरकारी योजनेतला माझा दुसरा हप्ता अडकलाय. प्रयोगाचं औषध त्यातूनच घ्यायचं आहे, म्हणून आज परळला आमच्या संस्थेच्या अकाउंट्समध्ये विचारायला गेले.

"फाइल दिल्लीत आहे. प्रयोग पुढच्या महिन्यात करा ना," सावंतकाका म्हणाले. "उंदीर काय पळून चाललेत?"

"पळणार नाहीत काका, म्हातारे होतील. मला सहा आठवड्यांचेच लागतात."

"मग आधार कार्डावर वय कमी करून घ्या त्यांचं!"

सगळे हसले. जोक बरा होता.

ही पिढी तयार करायला आठ महिने लागले. सोमवारी ती बाद होईल. नव्याने अर्ज करावा, तर पुढच्या वर्षी मीही योजनेच्या वयात बसणार नाही.

तुम्हीच सांगा, वयाची अट अर्जदाराला आहे, मग फाइलला का नाही?