तमिळ गुडघा

जूचंद्रच्या शत्रुघ्न भोईरला मत्सर म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. शेजाऱ्याने तीन मजली घर बांधलं, तर हा वास्तुशांतीला पोटभर जेवून आला. चुलतभावाने लांबलचक गाडी घेतली, तिला पहिला हार यानेच घातला. असा हा देवमाणूस एका तमिळ यंत्रमानवावर जळून कोळसा झाला.

शत्रुघ्नचं पंखे आणि पंप दुरुस्त करायचं दुकान आहे. पण गावात त्याला ओळखतात ते गणपतीतल्या हलत्या देखाव्यामुळे, आणि देखावा म्हणजे बाबू. बाबूचं डोकं बिस्किटाच्या डब्याचं, नाक कुकरच्या शिट्टीचं, आणि हात हलतो तो भंगारातल्या रिक्षाच्या वायपर मोटरवर. विषय दरवर्षी नवा, बाबू मात्र तोच. पर्यावरणाच्या वर्षी बाबूने झाडं लावली, चांद्रमोहिमेच्या वर्षी झेंडा लावला आणि व्यसनमुक्तीच्या वर्षी बिचारा दारू पिऊन गटारात पडला. आवाज शत्रुघ्नचाच, आधी भरून ठेवलेला, डब्यात बसवलेल्या स्पीकरमधून. नव्या बिल्डिंगमधल्या एका काकांनी एकदा सुचवलं, "भोईर, त्याला 'पानी' नको, 'पाणी' म्हणायला शिकवा."

"बाबू जूचंद्रचा हाय, काका," शत्रुघ्न म्हणाला. "पुन्याचा नाय."

तेवढ्यात एक बड्या खर्चाचा तमिळ विज्ञानपट हिंदीत होऊन वसईला लागला. मंडळाचा अध्यक्ष सुधाकर तो बघून आला तो वेडाच होऊन. म्हणाला, "दादा, यंदा बाबूला सुट्टी देऊ. त्या पिच्चरमधला रोबो मोठ्या पडद्यावर दाखवू. लोक येडे होतील."

"आधी मी बघतो," शत्रुघ्न म्हणाला, आणि बायकोला, संजनाला घेऊन गेला. गेला म्हणजे कसा? स्थळात खोट काढायला निघालेल्या आत्यासारखा.

आणि उणिवा निघाल्याही. पृथ्वी बुडायला दहा मिनिटं उरलेली असताना नायक-नायिका बर्फात गाणं म्हणायला गेली. मध्यंतरानंतर नायिका जी गायब झाली ती शेवटपर्यंत कोणी शोधली नाही. खलनायक माणसं मारण्याआधी प्रत्येकाला विज्ञानाचा एकेक धडा समजावून सांगत होता. ओठ तमिळ बोलत होते, आवाज हिंदी. दर उणिवेला शत्रुघ्न समाधानाने पॉपकॉर्नची मूठ तोंडात टाकत होता.

मग वाळूत गाडलेल्या शहरातून तो म्हातारा यंत्रमानव चालत आला. त्याचा गुडघा गंजलेला. पाऊल टाकलं की गुडघा कुरकुरायचा, थोडा अडायचा, मग झटक्याने सुटायचा. सांध्यापाशी तेलाचा काळा ओघळसुद्धा होता. शत्रुघ्नची पॉपकॉर्नची मूठ हातातच राहिली. असा गुडघा करायची त्याची जन्माची इच्छा! आणि शेवटी त्या यंत्रमानवाने आपली बॅटरी काढून एका पोरीला दिली, तेव्हा शेजारी संजना पदराने डोळे पुसत होती. पोटच्या मुलीच्या पाठवणीला न रडलेली बाई!

मंडळाच्या बैठकीत शत्रुघ्नने चित्रपटाची सालं काढली. गाणं सोललं, नायिका सोलली, खलनायक तर चिरून मीठ लावून ठेवला.

"मग चांगला काहीच नाय?" सुधाकरने विचारलं.

शत्रुघ्न खोटं बोलणाऱ्यातला नव्हता. छताकडे बघत तो पुटपुटला, "गुडघा."

"काय?"

"गुडघा चांगला हाय त्याचा."

बैठकीत हशा पिकला. सुधाकर समजुतीने म्हणाला, "दादा, वहिनीसुद्धा रडल्या ना? तो खरा वाटतो. आपल्या बाबूला कोनी खरा समजलाय कधी? एक मानूस दाखव. पडदा रद्द करतो."

शत्रुघ्न घरी आला आणि बाबूच्या गुडघ्यामागे लागला. सायकलची चेन, दाराची बिजागरी, कमरेच्या पट्ट्याचं रबर. गुडघा झाला, पण कुरकुरला नाही. खटकन वाजला फक्त. रविवारी संध्याकाळी सुधाकर बघायला आला. शत्रुघ्नने अंधारलेल्या पडवीत बाबूला खुर्चीत बसवलं, त्याच्या अंगात आपला सदरा चढवला आणि सुधाकरला घेऊन दाराआड उभं राहून बटण दाबलं.

गुडघा जागचा हललाच नाही. हात तेवढा वर गेला आणि डब्यातून आवाज आला, "संजना, पानी आन गो."

"बघितला," सुधाकर हळूच म्हणाला. "पडदाच बरा, दादा."

तोच स्वयंपाकघरातून आवाज आला, "आनते!" संजना एका हाताने मोबाइल कानाला धरून बहिणीशी बोलत आली, दुसऱ्या हातातला तांब्या तिने बाबूच्या पंजात अडकवला आणि फोन बाजूला धरून म्हणाली, "घ्या. अजून तोंड फुगलेलाच? त्या पिच्चरवाल्याचा गुडघा असंल चांगला. पन तुमच्या बाबूला बघून मना हसू येतं, ता कोनाला बघून येतं?" एवढं बोलून, उत्तराची वाट न बघता, ती फोनवर बोलत बोलत आत निघून गेली.

बाबूच्या हातात तांब्या हिंदकळत होता.

सुधाकरने शत्रुघ्नच्या पाठीवर थाप मारली. "मानूस मिळाला, दादा! पडदा रद्द. बाबूच बसनार मांडवात."

शत्रुघ्न हसला नाही. तो बाबूकडे टक लावून बघत होता.

"काय झाला? जिंकलास ना?"

"मी तीनदा हाक मारली तर 'हात मोडले काय' म्हनते," शत्रुघ्न म्हणाला. "ह्याला पहिल्या हाकेला तांब्या. वर गोड बोलली पन ह्याच्याशीच."

त्याने बाबूच्या पंजातून तांब्या हिसकावून घेतला, एका दमात रिकामा केला, आणि जाता जाता त्याच्या अंगातला आपला सदराही काढून घेतला.